गच्चीवर 140, मैदानावर 31: भुसावळच्या एका फुटबॉल संघाचं प्रकरण

5 मार्च 2023, होळीच्या तोंडावरचा रविवार. मार्च लागला की भुसावळमध्ये दुपारी चारचं ऊनही अंगावर येतं, म्हणून किक-ऑफ साडेचारला ठेवला होता. स्थानिक स्पर्धेतला उपांत्य सामना. पहिली दहा मिनिटं झाल्यावर मी मैदानाला एक फेरी मारली आणि बघणारी माणसं मोजली. एकतीस भरली. त्यात पुढच्या सामन्याची वाट बघत बसलेला एक अख्खा संघ होता, आमच्या पोरांचे दोन वडील आणि एक मामा होते. बाकीचे बरेचसे मैदानातल्या आडवाटेनं घरी जाताना घडीभर थांबलेले.

आम्ही 2-1 नं जिंकलो. दोन्ही गोल डाव्या विंगेवर खेळणाऱ्या अकरावीतल्या पोराचे. दुसरा गोल तर असा, की कॉर्नरच्या झेंड्यापासून आत वळत त्यानं दोघांना चुकवलं आणि लांबच्या खांबाला घासून चेंडू आत घातला. शेवटची शिट्टी झाली आणि नेट सोडायच्या आतच तो सायकलवर बसला. "सर, दहाला मॅच आहे. जेवून जागा धरायचीय."

ती मॅच इंग्लंडमधली, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. रेल्वे कॉलनीच्या मागे एका घराच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून, पांढऱ्या चादरीवर, 140 पोरांनी ती बघितली. हाफटाइमला लिव्हरपूल 1-0 पुढे होतं. उरलेल्या वेळात आणखी सहा गोल बसले. 7-0. आमचा विंगर युनायटेडचा. सोमवारी तो कॉलेजात दिसला नाही, म्हणून संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "रात्रीपासून नीट जेवला नाही हो सर, काय झालं तेही सांगत नाही." मी त्याच्या दोन गोलांचा विषय काढला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पोरानं घरात सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी वही घातली. एका होळीपासून दुसऱ्या होळीपर्यंत काय घडलं, मी काय केलं आणि कुठे चुकलो, ते त्या वहीच्या आधारानं इथे मांडतो. तालुक्याच्या गावी कुणी असाच संघ चालवत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं ही इच्छा आहे.

संघ आणि गाव

भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण. जंक्शन, लोको शेड, वर्कशॉप, कॉलनी, आणि कॉलनीला लागून मैदानं. सगळा खानदेश क्रिकेटवेडा असताना इथे फुटबॉल टिकला तो रेल्वेमुळे. माझे वडील गार्ड होते. शेड विरुद्ध वर्कशॉप अशा सामन्यांच्या गोष्टी मी त्यांच्या मांडीवर ऐकल्या आहेत. भोंगा झाला की माणसं डबे हातात घेऊनच मैदानावर यायची, घरी नंतर जायची.

आज माझ्याकडे कागदावर एकोणीस खेळाडू आहेत, सरावाला येतात दहा-बारा. निम्मे शाळा-कॉलेजातले, चौघे रेल्वेत ॲप्रेंटिस, एक जण रावेरकडच्या केळीच्या ट्रकवर क्लिनर. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात पाय रुततो, दिवाळीनंतर भेगा पडतात, आणि दर हिवाळ्यात एखाद्याचा घोटा मुरगळतो. फक्की आम्हीच मारायची, नेट आम्हीच बांधायचं. सामना कधी आहे हे गावाला कळायची सोयच नव्हती. खेळाडूंनाच आदल्या रात्री मोबाइलवर कळायचं.

जर्सीबंदी

एप्रिलमध्ये मी फर्मान काढलं की सरावाला परदेशी क्लबची जर्सी घालून यायचं नाही. बाजारात अडीचशे-तीनशेला मिळणाऱ्या त्या लाल, पांढऱ्या, निळ्या-तांबड्या जर्सी, आणि पाठीवर दुसऱ्याचं नाव. आमच्या संघाची जर्सी घालून बाजारात गेलेला पोरगा मी कधी बघितला नव्हता, याचा राग माझ्या मनात बरेच दिवस साचला होता. मी मुलांना ओळीत उभं करून सुनावलं, "ज्यांच्यासाठी तुम्ही रडता, त्यांना भुसावळ कुठे आहे तेही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी चौघे आले नाहीत. आठवड्यानं मी बंदी उठवली, तेव्हा तिघे परतले. चौथा आमचा गोलकीपर होता, बार्सिलोनाचा भक्त. मी त्याच्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तो ओट्यावर बसून शांतपणे म्हणाला, "सर, गच्चीवर मी नाही गेलो तर चार जण फोन करता, कुठी आहे म्हणून. अठी मी गोलात उभा राहतो, तर मांगून कोणी नाव घेऊन हाक बी मारत नाही."

तो परत आला नाही. जूनमध्ये कामासाठी पुण्याला गेला. त्याचं बोलणं मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. या प्रकरणातलं सगळ्यात अचूक निदान त्याचंच होतं, आणि ते माझ्या तोंडावर करायला त्याला माझ्या चुकीची वाट बघावी लागली, हे मला अजून लागतं. निष्ठा कुणाकडे आहे हे तपासत बसण्यापेक्षा, ती निष्ठा ठेवायला आपण जागा केली आहे का, हे मी आधी बघायला हवं होतं.

गच्ची

3 जूनला मी स्वतः गच्चीवर गेलो. एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची अंतिम लढत होती, मँचेस्टरचे दोन्ही क्लब समोरासमोर, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर पोरांनी बादल्या ओतल्या होत्या आणि त्याची वाफ पायाला लागत होती. सामना सुरू होऊन बारा सेकंद झाले आणि सिटीच्या गुंडोगाननं गोल मारला. अर्धी पोरं तर अजून बसतच होती. युनायटेड 2-1 नं हरलं. मी पडद्याकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघत होतो.

इथे वर्गणीची वही होती, माणशी वीस रुपये, आणि ती वही चोख लिहिलेली होती. प्रोजेक्टर कुणी आणायचा, चहा कुणी करायचा, खालच्या घरातल्या आजींना त्रास होऊ नये म्हणून जिन्यात कुणी उभं राहायचं, हे सगळं ठरलेलं. एका फळ्यावर प्रत्येकाचा अंदाज खडूनं लिहिलेला. कोपऱ्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी चौथीतल्या पोराला सांगत होता, की 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकला विमान कसं पडलं, 23 माणसं कशी गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू कसे होते. घरातल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज होता.

मला तिथे बसल्या बसल्या आमच्या संघाचा विचार आला. आमचा संघ कुणी सुरू केला, पहिला कर्णधार कोण, हे माझ्या एकोणीसपैकी एकालाही सांगता आलं नसतं, कारण मीच कधी सांगितलं नव्हतं. दूरच्या क्लबवरचं प्रेम टीव्हीतून आपोआप गळत नाही. कुणीतरी त्यासाठी राबतं, हिशेब ठेवतं, गोष्टी सांगतं. आणि राबणारी ही पोरं भुसावळचीच होती.

त्याच रात्री त्यांच्याकडून मला आणखी एक गोष्ट कळली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. 1960 च्या दशकापासूनची ही रीत. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी ती लावून धरली, कारण मोठ्या क्लबांचा खेळ घरबसल्या दिसायला लागला तर लहान गावांच्या मैदानावर कोण येणार, ही भीती होती. म्हणजे शनिवारी तीनचा जो सामना मँचेस्टरच्या पोराला घरच्या टीव्हीवर दिसत नाही, तो भुसावळच्या पोराला रात्री साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, थेट दिसतो. त्यांनी आपल्या गावच्या मैदानाभोवती कुंपण घातलं आहे. आपल्या मैदानाभोवती ते कुणी घालायचं, हा विचार माझ्या मनात तिथून सुरू झाला. टीव्ही बंद करायचा प्रश्नच नव्हता. आपल्या सामन्याची वेळ तरी नीट निवडता येईल का, एवढंच माझ्या हातात होतं.

हिरवी जर्सी

जुलैत नव्या जर्सीचा विषय निघाला. एका जुन्या खेळाडूनं पैसे देऊ केले होते. पोरांचं एकमत होतं: लाल, युनायटेडसारखी. नकार देण्याऐवजी मी त्यांना एका पावसाळी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि त्या लाल रंगाच्या आधीची गोष्ट सांगितली.

1878 साली मँचेस्टरजवळ न्यूटन हीथ इथे लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डेपोत, डबे आणि मालगाडीच्या वाघिणी बनवणाऱ्या खात्यातल्या कामगारांनी एक संघ काढला. नावातच रेल्वे होती: न्यूटन हीथ एलवायआर. सुरुवातीला ते इतर खात्यांशी आणि इतर रेल्वे कंपन्यांशी खेळायचे. जर्सी हिरवी-सोनेरी. मैदान म्हणजे एकीकडे दगड, एकीकडे चिखलाची दलदल. कपडे बदलायला काही अंतरावरच्या दारूच्या गुत्त्यात जावं लागे. 1902 मध्ये क्लब कर्जात बुडाला, तेव्हा नवे मालक आले आणि त्याचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं, रंग लाल झाला.

शेड विरुद्ध वर्कशॉप. माझ्या वडिलांच्या गोष्टी आणि ही गोष्ट यांत फरक फक्त गावाच्या नावाचा होता.

आमच्या मधल्या फळीतल्या पोराचे वडील जवळच्या वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत आहेत, आणि पोरगा आर्सेनलचा. त्याला मी आर्सेनलच्या बोधचिन्हावर तोफ का आहे ते सांगितलं. 1886 साली वुलिचच्या रॉयल आर्सेनल या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी तो क्लब काढला. वेस्ट हॅम हा थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कारखान्याचा संघ, 1895 चा. हॉलंडचा पीएसव्ही हा फिलिप्सच्या कामगारांचा, 1913 चा. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे पप्पांना सांगतो." त्याच्या वडिलांना त्याआधी फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. हिवाळ्यात ते प्रत्येक सामन्याला आले.

विंगरनं मात्र न्यूटन हीथच्या मैदानाबद्दल पुन्हा विचारलं. दगड किती होते, चिखल किती होता. मग म्हणाला, "आपलं बरंय मग सर, आपल्याला कपडे बदलायला वर्गखोली तरी आहे."

जर्सी हिरवी झाली, कॉलर आणि बाह्या पिवळ्या. पाठीवर ज्याचं त्याचं आडनाव. हा निर्णय मी दिला असता तर तो आणखी एक फर्मान ठरला असता. तो त्यांनी हात वर करून घेतला, आणि दोघांनी तरीही लालसाठी मत दिलं.

कोल्हापूरचा दाखला

या काळात मला भेटणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगे: टीव्हीनं आणि मोबाइलनं वाट लावली. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण कोल्हापूर आहे. विश्वचषक आला की कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, कटआउट गल्लीगल्लीत लागतात. युरोपातले क्लबही तिथली पोरं आपल्या पोरांइतक्याच वेडानं बघतात. आणि तरी पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या तिथल्या संघांचा सामना असला की राजर्षी शाहू स्टेडियम भरतं. तिथे पोरगा जन्मतो तेव्हाच त्याची पेठ आणि त्याची तालीम ठरलेली असते. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, म्हणजे खालच्या पायरीवरच्या पोराला वरची पायरीही दिसते.

दोन्ही प्रेमं एका छातीत मावतात, हे कोल्हापूरनं दाखवलं आहे. आमच्याकडे एकाच प्रेमाची व्यवस्था होती. पेठ आणि तालीम आम्हाला आणता येणार नव्हती. शेड, वर्कशॉप आणि कॉलनी मात्र आमची होती.

भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याची जून 2018 मधली विनंतीही मी गच्चीवरच्या पोरांना दाखवली. मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध भारत 5-0 नं जिंकला, तेव्हा स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. मग कर्णधारानं व्हिडिओ टाकून, युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना उद्देशून, आमची पातळी तेवढी नाही हे मान्य करून, तरी या अशी हात जोडून विनंती केली. तीन दिवसांनी केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याची तिकिटं संपली होती. भारताच्या कर्णधाराला बोलवावं लागतं, तर आम्ही न बोलावता माणसं येतील असं का धरून चाललो होतो?

मैदान गच्चीच्या हवाली

ऑगस्टमध्ये मी गच्चीची वही लिहिणाऱ्या पोराला घरी बोलावलं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, स्वतः कधी खेळलेला नाही. त्याला म्हटलं, "आमचे सामने तू चालव." पैसे नव्हते माझ्याकडे द्यायला. त्यानं दोन दिवस मागितले आणि चौघांना घेऊन आला.

त्याचा पहिला सल्ला वेळेबद्दलच होता. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये देशादेशांच्या सामन्यांसाठी युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या लीग थांबतात, तेव्हा आपले मोठे सामने ठेवायचे. इंग्लंडमध्येही 2010 पासून अशाच मोकळ्या शनिवारी चाहत्यांनी आपल्या गावच्या छोट्या क्लबाचा सामना बघायला जावं म्हणून एक दिवस पाळतात, हे त्यानंच सांगितलं. दुसरा सल्ला फळ्याचा. रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर आधी फळा लावायचा, त्यावर अकरा नावं आणि प्रत्येकाचं घर कुठलं तेही लिहायचं. तिसरा सल्ला सावलीचा. मैदानाच्या पश्चिमेला लिंबाची झाडं आहेत, पण बघणारे पूर्वेला उभे राहत आणि उन्हानं डोळे दिपत. त्यानं बाकं उचलून पश्चिमेला नेली. वीस वर्षं मी त्या मैदानावर आहे आणि ती बाकं हलवायचं मला सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरचा सामना घटस्थापनेला आला आणि घरोघरच्या धावपळीत फारसं कुणी आलं नाही. नोव्हेंबरसाठी आम्ही रविवार, 19 तारीख ठरवली. दिवाळी नुकतीच झालेली, बाहेरगावी नोकरीला असलेली पोरं घरी आलेली. आणि 15 तारखेला भाऊबीजेच्या रात्री वानखेडेवर भारत न्यूझीलंडला हरवून क्रिकेटच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गेला. अंतिम सामना 19 लाच, अहमदाबादला. त्या रात्रीच फळा पुसून आम्ही शनिवार लिहिला. शनिवारी दोघा ॲप्रेंटिसना सुट्टी मिळाली नाही, बचाव उघडा पडला आणि आम्ही 0-3 हरलो. पण पश्चिमेच्या बाकांवर आणि झाडांखाली मिळून 94 माणसं होती.

भरिताचा रविवार

डिसेंबरचा सामना मला तपशिलानं लिहायला हवा, कारण त्या दिवशी काहीतरी हललं.

कल्पना आर्सेनलवाल्या पोराच्या वडिलांची. थंडी पडली की आपल्याकडे शेतात भरिताच्या पार्ट्या झडतात, मग ती मैदानाच्या कडेला का नको? बामणोदची वांगी आली, तुरीच्या काड्या आल्या. हाफटाइमपासूनच जाळ पेटला आणि दुसऱ्या अर्धाभर वांगी भाजल्याचा वास मैदानभर होता. मिरच्या-लसूण बडगीत ठेचायला चार आया बसल्या होत्या. त्यात विंगरची आई होती. तिची पाठ मैदानाकडे होती, पण ती आली होती.

आणि लाउडस्पीकरवर आबा होते. ते शेडमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय पंचाहत्तरच्या पुढे, जुन्या काळी शेडकडून खेळलेले. त्यांना गच्चीवरच्या पोरांनी घरून आणून खुर्चीत बसवलं आणि माइक हातात दिला. त्यांनी दोन मिनिटं माइककडे नुसतं बघितलं. मग सुरू झाले ते नव्वद मिनिटं थांबले नाहीत. कुणालाही नुसत्या नावानं हाक नाही. हा गार्डबाबूचा नातू, हा कंडारीच्या मास्तरांचा धाकटा, हा केळीच्या गाडीवरचा. "अरे, त्याले एकटं सोडू नका भो! गेला, गेला... बाहेर गेला!" नव्या गोलकीपरनं एक पेनल्टी अडवली तेव्हा आबांनी माइक बाजूला ठेवून, खुर्चीतून उठून, त्याच्या आज्याचं नाव घेऊन आरोळी ठोकली. त्या पोरानं मागे वळून बघितलं. मला पुण्याला गेलेल्या पोराची आठवण झाली आणि मला तिथून थोडं बाजूला जावं लागलं.

हाफटाइमला आबांनी शेड विरुद्ध वर्कशॉपची एक लढत सांगितली. चौथीतला तो पोरगा, ज्याला जूनमध्ये म्युनिकची गोष्ट कळली होती, आबांच्या पायाशी बसून ऐकत होता.

भरीत-पुरी संपेपर्यंत कुणी हललं नाही. त्या दिवशी मी मोजायचं विसरलो.

घसरण

जानेवारीत मैदान दुसऱ्या एका कार्यक्रमाला दिलं गेलं. मंडपाचे खड्डे आणि खिळे तसेच राहिले. आम्ही तीन रविवार खिळे वेचत होतो आणि दोन सामने पुढे ढकलावे लागले. फेब्रुवारीत पुन्हा फळा लागला, तेव्हा 43 माणसं आली. लोकांची सवय मोडायला दोन रविवार पुरतात, हे मला तेव्हा कळलं. मोठ्या क्लबांची खरी ताकद तिथेच आहे. त्यांचा सामना ठरल्या वेळी होतोच. आमचा होईल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, आणि ती देणं आमच्या एकट्याच्या हातात नाही.

एकदा सरावानंतर मी पोरांना सांगितलं, की मँचेस्टरमध्येही 2005 साली ग्लेझर कुटुंबानं युनायटेड क्लब विकत घेतल्यावर काही चाहत्यांनी रागानं स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड. अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि 2015 मध्ये मॉस्टनला, न्यूटन हीथच्या जवळच, स्वतःचं मैदान उभं केलं. पोरांना त्यात फार रस वाटला नाही. "आपली मॅच कधी आहे सर?" एवढंच विचारलं.

होळीचा सामना

17 मार्च 2024 च्या रात्री एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत युनायटेडनं लिव्हरपूलला 4-3 हरवलं. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी अमाद दियालोचा गोल. गच्चीवरचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. वर्षभरापूर्वीचे सात गोल त्या रात्री फिटले असं पोरांचं म्हणणं. माझाही आनंद खरा होता.

पुढचा रविवार, 24 मार्च, होळी. युरोपात लीगना सुट्टी. किक-ऑफ पाचला. गच्चीच्या वहीवाल्यानं कागदाचे हिरवे तुकडे वाटून माणसं मोजली: 187. आबा माइकवर. विंगरची आई पश्चिमेच्या बाकावर, या वेळी मैदानाकडे तोंड करून.

सामना 1-1 बरोबरीत असताना सत्तराव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. विंगरनं घेतली आणि बाहेर मारली. पाच मिनिटं राहिली असताना समोरच्यांनी गोल केला. आम्ही 1-2 हरलो.

तो मधल्या वर्तुळात गुडघ्यावर बसून रडत होता. 187 पैकी बरीच माणसं तिथेच थांबली होती. आबांनी माइकवरून काही म्हटलं नाही, नुसतं त्याच्या वडिलांचं नाव दोनदा घेतलं. आई बाकावरून उठली आणि सरळ मैदानात गेली, चपला काढून, जशी देवळात जावी. मग ती दोघं आमच्याबरोबर नेट सोडायला लागली. गाठी घट्ट बसल्या होत्या, त्या तिनंच सोडवल्या. अंधार पडता पडता कॉलनीत होळ्या पेटायला लागल्या.

पुढच्या शनिवारी मध्यरात्रीनंतर दीडला युनायटेडची ब्रेंटफर्डशी मॅच होती. तो गच्चीवर होता, आणि त्यानं तिथे असावं असंच मला वाटतं. गच्ची चालू आहे, मैदानही चालू आहे. नव्या हंगामासाठी मैदानाच्या तारखा लेखी मिळाव्यात म्हणून अर्ज दिला आहे, त्यावर गच्चीच्या आणि संघाच्या मिळून 160 सह्या आहेत.

24 मार्चच्या रात्रीच मी पुण्याला असलेल्या आमच्या जुन्या गोलकीपरला सामन्याचा एक तुकडा पाठवला होता, आबांच्या आवाजासकट. एप्रिलच्या चुकीबद्दल माफीही लिहिली होती. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी एक ओळ आली: "सर, गोलात कोण होतं?"

मी नाव लिहून पाठवलं. त्याच्या आज्याच्या नावासकट.